आमच्या क्लिपांनाही कोठारात जागा द्या

प्रति,
मा. प्रमुख,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ – राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय,
लॉ कॉलेज रस्ता, पुणे.



मागणी आधी सांगतो, कारणं मागून. महाराष्ट्रातल्या मुलामुलींनी मोबाईलवर खेळताना काढलेल्या आणि एकमेकांना पाठवलेल्या क्लिपा, तसंच लोकांनी आवडले म्हणून जपून ठेवलेले छोटे व्हिडिओ, यांचा संग्रह आपल्या संस्थेनं सुरू करावा. लोकांकडे मागावा, घरोघरचा मागावा, आणि लवकर मागावा. हे सगळं ज्या फोनांत पडून आहे ते फोन आता एकेक करून मरायला लागलेत. विट्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मेलेले फोन माझ्याच टेबलावर येतात, म्हणून ही घाई मला रोज दिसते.

राष्ट्रीय संग्रहालयानं पोरांच्या गेमच्या क्लिपा कशाला सांभाळायच्या, असं कुणी विचारेल. त्याला उत्तर आपल्याच क्षेत्राच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1899 साली मुंबईत हँगिंग गार्डनला पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती कॅमेऱ्यात धरली. भारतीय माणसानं स्वतः कॅमेरा चालवून काढलेली ही पहिली फिल्म मानली जाते. ती धुऊन घ्यायला लंडनला पाठवावी लागली होती. त्या फिल्ममध्ये कथा नव्हती, नट नव्हते. दोघं झुंजले, तिसऱ्यानं ते टिपलं, आणि जे आखाड्यापाशी नव्हते त्यांना नंतर दाखवलं. आमची पोरं गेमची क्लिप काढून दोस्तांना पाठवतात तेव्हा नेमकं हेच करतात. आणि सावेदादांची ती कुस्ती आज कुणालाच बघायला मिळत नाही.

आता आमच्या आखाड्याचं सांगतो.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि रोजचा जीबीभर डेटा गावातल्या पोरांच्याही खिशाला परवडायला लागला. 2018 च्या मार्चमध्ये पब्जी मोबाईल आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरणार, खेळायचं वर्तुळ, म्हणजे झोन, आवळत जाणार, शेवटी जो संघ उरेल तो जिंकला. त्या जिंकण्याला पोरं चिकन डिनर म्हणतात. आमच्याकडं देवळाच्या कट्ट्यावर, रेंज मिळेल त्या गच्चीवर पोरं चौघं-चौघं बसून खेळायची. जिंकणं कधीतरीच व्हायचं, त्यामुळं जिंकल्यावर दुसऱ्याला दाखवल्याशिवाय चैन पडायची नाही. आपले तिघं पडलेत आणि उरलेल्या एकट्यानं समोरचे चौघं लोळवले, याला पोरं क्लच म्हणतात. क्लच मारला आणि क्लिप नाही, तर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही.

पण क्लिप काढायची कशी? अँड्रॉइडची दहावी आवृत्ती 2019 च्या सप्टेंबरात आली. तोवर साध्या रेकॉर्डर ॲपला गेमचा आवाज आतल्या आत धरता येत नव्हता, आणि माइक एका वेळी एकाच ॲपला मिळायचा. रेकॉर्डरला माइक दिला तर दोस्तांशी बोलणं बंद, आणि दोस्तांशी बोलायचं तर क्लिप मुकी. आमच्या गिऱ्हाइकांच्या स्वस्त फोनांत तर ती दहावी आवृत्ती पुढं कितीतरी दिवस पोचलीच नाही. शिवाय दोन जीबी रॅमच्या फोनात गेम आणि रेकॉर्डर एकदम चालवले की ऐन मारामारीत फोन हँग. मग पोरांनी आपला तोडगा काढला. धाकट्या भावाला नाहीतर बहिणीला मागं उभं करायचं, हातात आईचा फोन द्यायचा, आणि खेळणाऱ्याच्या फोनच्या पडद्याचंच शूटिंग करायला सांगायचं.

या तोडग्यामुळं क्लिपमध्ये गेम आला आणि गेमसोबत सगळं घर आलं. म्हणूनच हे पत्र चित्रपट संग्रहालयाला लिहितोय, एखाद्या गेमच्या कंपनीला नाही.

एक क्लिप नीट सांगतो. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगतोय, नावं गाळलीत. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या काकू जुना फोन घेऊन दुकानात आल्या. फोन बंद पडून बरेच दिवस झाले होते, घरात नवा फोन होता, तरी त्यांना हाच चालू करून हवा होता. म्हणाल्या, "दादा, फोन वापरायचा नाय मला. आत्याबाईंचा आवाज तेवढा काढून दे." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्या वारल्यावर घरात शोधाशोध झाली तेव्हा कळलं, की लग्नातल्या दोन फोटोंपलीकडं त्यांचं काहीच नाही. मग धाकट्या मुलाला आठवलं, लॉकडाऊनमध्ये दादाच्या गेमचं शूटिंग करताना मागं आज्जी ओरडत होती.

पॉवर आयसी गेली होती. हॉट एअरनं ती उतरवून दुसऱ्या बोर्डवरची बसवली. फोन उठला, पण गरम होत होता, म्हणून डिस्प्लेचं बघत न बसता मी आधी सगळ्या फाइली कॉपी करून घेतल्या.

2020 च्या एप्रिलमधली ती क्लिप 2 मिनिटं 11 सेकंदांची आहे. फोन तिरका धरलाय. खेळणाऱ्याचे दोन अंगठे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट दिसतं, डाव्या कोपऱ्यात टेम्पर्ड ग्लासला तडा गेलेला दिसतो, खाली गोधडीचा काठ. पडद्यावर शेवटचं वर्तुळ, गवतात आडवा झालेला एक खेळाडू. स्पीकरमधून तिघांचे आवाज येतायत. त्यातला एक शेजारच्या गल्लीतला, एक कोइमतूरहून बोलतोय, एक कानपूरहून. "दोनशे दहाला हाय, दगडामागं." "उठू नगंस, उठू नगंस." "मला उचल की आधी." तेवढ्यात आतून आवाज येतो, "आरं ये की रं जेवाय, भाकरी गार झाली." पोरगा मान न वळवता म्हणतो, "आज्जे थांब की, झोन आलाय." आज्जी विचारते, "कोन आलंय?" इथं शूटिंग करणारा हसायला लागतो आणि फोन हलतो, पण त्या हलत्या चित्रातही शेवटचा गडी पडलेला दिसतो. चौघं एकदम ओरडतात. पोरगा म्हणतो, "आज्जे, चिकन डिनर!" आणि आज्जी दारात आलेली असावी, कारण आवाज जवळून येतो, "भाकरी खाईना आन कसलं चिकन मागतंय."

काकूंनी ती क्लिप काउंटरपाशी उभं राहून पाहिली, पडद्याकडं न बघता, फोन कानाला लावून.

कोइमतूर आणि कानपूर कशासाठी, हे पुण्यात बसून कदाचित लक्षात यायचं नाही. खानापूर-आटपाडी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. त्यासाठी आमची माणसं देशभर पांगलीत. तमिळनाडू, उत्तर प्रदेश, बंगाल, जिथं सराफ बाजार तिथं आमच्याकडचा कुणीतरी सापडतोच. सख्खे-चुलत भाऊ एकमेकांना भेटतात ते जत्रेला नाहीतर दिवाळीला. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला आणि त्या वर्षी गावोगावच्या जत्रा भरल्याच नाहीत. जत्रेत भेटणारे भाऊ मग रोज संध्याकाळी पब्जीच्या नकाशावर पोचिंकी नावाच्या गावात उतरायचे. त्या एप्रिलात ही चार पोरं कशी जगली, एकमेकांशी कोणत्या बोलीत बोलत होती, घरात काय चाललं होतं, याचा कागद कुठल्याही कचेरीत नाही. तो या 2 मिनिटं 11 सेकंदांत आहे.

त्याच दिवशी मोठ्या पोरानं ही क्लिप स्टेटसला ठेवली होती. पण त्या काळात नेटवर्कवर ताण नको म्हणून व्हॉट्सॲपनं भारतात स्टेटसच्या व्हिडिओची मर्यादा 30 सेकंदांवरून 15 सेकंदांवर आणली होती. पोरानं कापून नेमका विजयाचा तुकडा ठेवला. त्यात आज्जी नाही. आणि तो तुकडाही 24 तासांत गेला.

जगात जी गेमची क्लिप सगळ्यात नावाजलेली असेल तिच्यातही हीच गोष्ट आहे. 2004 साली कॅलिफोर्नियात इव्हो या स्पर्धेत स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइकचा सामना चालला होता. जपानचा डायगो उमेहारा हरायच्या टोकाला आलेला, जिवाची पट्टी संपत आलेली. अमेरिकेच्या जस्टिन वाँगनं चुन-ली या आपल्या पात्राचा सलग पंधरा तडाख्यांचा डाव टाकला. साधा अडवला असता तरी डायगो मेला असता, इतका जीव कमी. त्यानं एकेक तडाखा अचूक क्षणी परतवला आणि वर सामना जिंकला. ही क्लिप आज बघताना अंगावर काटा येतो तो त्या दोन चित्रांमुळं तर येतोच, पण तडाखे संपायच्या आधीच मागचे बघे जे उभे राहतात, किंचाळतात, त्यांच्या आवाजामुळं जास्त येतो. ते शूटिंग लोकांनी एकमेकांना देत-घेत जगवलं. त्या आवाजाशिवाय उरली असती ती नुसती हालचाल.

आमच्याकडं मात्र देण्या-घेण्याच्या वाटाच एकापाठोपाठ एक बंद झाल्या. 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 ॲपांवर बंदी आली, 2 सप्टेंबरला पब्जी मोबाईलसह आणखी 118 ॲपांवर. बंदी योग्य की अयोग्य हा माझा विषय नाही, ते सरकारनं बघावं. पण टिकटॉकवर शेतातून, वीटभट्टीवरून, स्वयंपाकघरातून व्हिडिओ टाकणाऱ्या बायाबापड्यांना आपलेच व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले, आणि ज्यांनी मूळ फाइल फोनात ठेवली नव्हती त्यांच्या हाती काहीच उरलं नाही. पब्जीचं तर आणखी वेगळं झालं. आपल्याकडं बंदी आली त्याच महिन्यात गेमची 1.0 आवृत्ती आली, आणि तिच्यात पोचिंकी ज्यावर आहे ते एरंगेल हे बेट नव्यानं घडवलं. पुढं 2021 च्या जुलैत पब्जीचा भारतीय अवतार बीजीएमआय आला, मधे 2022 च्या जुलैत काढला गेला, 2023 च्या मेमध्ये परतला. पण त्यातलं बेट नवं. आमच्या पोरांनी दोन-अडीच वर्षं ज्या पोचिंकीची घरं तोंडपाठ केली होती, ती जशीच्या तशी बघायची तर त्या वेळच्या क्लिपा सोडून दुसरं साधन नाही. चित्रपटाची प्रिंट सापडली तर तो पुन्हा लावता येतो. असा गेम कंपनीच्या सर्व्हरवर जगतो, आणि सर्व्हर बदलला की जुना खेळ पुन्हा लावायची सोयच राहत नाही.

यूट्यूबवर आहे ते तरी राहील असं लोक धरून चालतात. आपण आवडते व्हिडिओ ज्या यादीत साठवतो ती यादी कधी चार-पाच वर्षांनी उघडून बघा. मधे मधे नुसतं लिहिलेलं असतं, व्हिडिओ काढून टाकला आहे. नाव नाही, चित्र नाही. आपलं काय हरवलं तेही कळत नाही, फक्त काहीतरी हरवलं एवढं कळतं. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या आजींचं 'आपली आजी' हे रेसिपीचं चॅनल 2020 साली हॅकरांनी पळवलं होतं. ते परत मिळालं, कारण तोवर त्याचं नाव झालेलं होतं. ज्याचे शे-दीडशेच बघणारे आहेत त्याचं चॅनल गेलं तर दाद मागायची कुणाकडं? आमच्याच पट्ट्यात रुजलेली 'गावाकडच्या गोष्टी'सारखी वेब सिरीज घराघरांत बघितली गेली. तिच्यातली माणसं, रस्ते, पारावरच्या गप्पा या काळाचा दस्तऐवज आहेत. तिची मूळ फाइल आपल्या वातानुकूलित कोठारात असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आणि फोन. याबद्दल मी अधिकारानं बोलू शकतो. पूर्वी फोन मेला तरी मेमरी कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं की भागायचं. बोर्डवरची मेमरी चिप काढूनही वाचता यायची. आता नव्या फोनांत आतली साठवण कुलूपबंद असते आणि तिची किल्ली त्याच बोर्डवरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप धडधाकट असली तरी बोर्ड उठला नाही तर डेटा मिळत नाही. चोरीच्या दृष्टीनं हे चांगलं आहे, म्हणजे चोराला काही मिळत नाही. पण आई-बापांना 'नाही निघणार' असं सांगायची वेळ माझ्यासारख्यांवर येते. पाण्यात पडलेला, गाडीखाली गेलेला, पॅटर्न विसरलेला, किंवा नुसताच कपाटात पडून बॅटरी फुगलेला फोन, प्रत्येकात कुणाचं तरी काहीतरी असतं. 2018 ते 2020 च्या फोनांचं वय आता झालंय. पुढच्या थोड्या वर्षांत त्यांतले बहुतेक भंगारात जातील.

आपल्या संस्थेला हे समजावून सांगावं लागू नये. ती 1964 साली स्थापन झाली तीच उशिरा. देशात सुमारे 1,300 मूकपट निघाले, त्यांतले जेमतेम तीस उरलेत, तेही पुष्कळसे तुकड्यांत. पहिला बोलपट 'आलम आरा' 1931 चा, त्याची प्रिंट कुणालाच मिळाली नाही. जे वाचलं त्यातलं खूप काही आपल्याच संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाच्या धडपडीनं वाचलं. ते नाशिकला फाळक्यांच्या घरी गेले, तिथून रिळं आणली, आणि 'कालिया मर्दन' फाळक्यांच्या टिपणवहीच्या आधारानं जुळवला. मला त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त भावते. त्यांच्या काळात संग्रहालयानं पोस्टरं जमवली, फोटो जमवले, आणि थिएटरबाहेर चार-आठ आण्यांत मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका जमवल्या. त्या पुस्तिका खेळ सुटल्यावर लोक टाकून द्यायचे. आज अभ्यासकांना हरवलेल्या चित्रपटाची कथा आणि कलाकारांची यादी त्यांतच सापडते. फेकून द्यायची वस्तू म्हणून तेव्हा त्यांना नकार दिला असता तर?

2003 च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या आवारात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळं जळाली, हेही आपण सोसलंय. नायट्रेट पेट घेतं हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. फोनांचं मरण तसंच ठाऊक असलेलं आहे, फक्त त्याचा धूर दिसत नाही.

आता अडचणींचं बोलू, कारण आपण त्या विचारणारच.

दर्जा नाही, चित्र हलतंय, आवाज फाटलाय, असं कुणी म्हणेल. ते खरं आहे, आणि त्यानं काही बिघडत नाही. चांगल्या-वाईटाची निवड आज करायला बसलात तर नावाजलेल्या स्ट्रीमरांचे व्हिडिओ आत येतील आणि आज्जी बाहेर राहील. मुंबईच्या डायनॅमो किंवा मॉर्टलसारख्यांच्या व्हिडिओंच्या हजारो प्रती लोकांकडं आहेत, त्यांची मला काळजी वाटत नाही. मला काळजी आहे ती एकच प्रत असलेल्या क्लिपांची.

शिव्या आहेत. भरपूर आहेत. पोरं हरताना आई-बहिणीवरून बोलतात, आणि मला ते ऐकवत नाही. तरी ते कापू नये. मूळ फाइल जशी आहे तशी बंद ठेवावी, अभ्यासकाला अर्ज करून ऐकू द्यावी, आणि सगळ्यांना दाखवायची प्रत वेगळी काढावी. जास्त गंभीर प्रश्न लहान मुलांचा आहे. खेळणारी, बोलणारी, शूटिंग करणारी पुष्कळशी तेव्हा शाळेत होती. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येकजण बालक धरलाय. आनंदाची गोष्ट ही, की 2019-20 ची मुलं आता सज्ञान झालीत किंवा होतायत, त्यांना स्वतःलाच विचारता येईल. क्लिपमध्ये ज्यांचे आवाज ओळखू येतात त्यांची, शक्य तिथं, सगळ्यांची संमती घ्यावी. आणि दिलेली वस्तू परत मागायची मुभा ठेवावी. ही मुभा असली तरच माणसं देतील, असं मला दुकानातल्या अनुभवावरून वाटतं.

हक्कांचा गुंता मोठा आहे. गेमचं चित्र कंपनीचं, आवाज पोरांचा, मागं टीव्ही चालू असेल तर गाणं तिसऱ्याचंच. निन्टेन्डोनं 2013 साली खेळाडूंच्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींचा पैसा आपल्याकडं वळवला होता, आणि 2018 च्या नोव्हेंबरात मोकळी नियमावली काढली. म्हणजे कंपन्याही नरमतात. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा मात्र एका जागी अडवतो. कलम 52 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखाद्या कृतीची डिजिटल प्रत ठेवायला परवानगी आहे, पण त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडं आधीच असेल तरच. जी क्लिप फोनातच जन्मली तिची कागदी किंवा फिल्मवरची प्रत कुठून आणायची? ही तरतूद बदलून घ्यायला दिल्लीत आपल्यासारख्या संस्थेनं बोलावं लागेल, दुरुस्तीवाल्याचं कोण ऐकणार. फ्रान्सनं हे केव्हाच केलंय. तिथं 1992 पासून व्हिडिओ गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होते, आणि 2009 पासून तिथली दृकश्राव्य संस्था वेबवरची सामग्रीही साठवते.

जागेचा प्रश्न मात्र प्रश्नच नाही. व्हॉट्सॲपवरून गेलेली त्या काळातली क्लिप फार तर 16 एमबीची. अशा एक लाख क्लिपा म्हणजे 1.6 टेराबाइट, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या एका हार्ड डिस्कमध्ये मावतात. मूळ फाइल सरासरी 200 एमबीची धरली तरी 20 टेराबाइट होतात. अडीच तासांच्या एका चित्रपटाचं कच्चं 4के स्कॅन 10 टेराबाइटच्या वर जातं हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दोन चित्रपटांच्या जागेत लाखभर घरं मावतील. चित्रपट वारसा अभियानासाठी सुमारे 597 कोटी रुपये ठरवले गेले, त्यात हा खर्च शोधूनही सापडणार नाही.

खर्च पडेल तो माणसांचा. नुसती फाइल घेऊन उपयोग नाही, क्लिपसोबत तिची हकिगत घ्यावी लागेल. कुणी काढली, कुठं बसून, खेळणारे कोण, कुणाला पाठवली, ती का ठेवावीशी वाटली. फाइलच्या नावात व्हॉट्सॲप तारीख घालतं, पण ती पाठवल्याची किंवा मिळाल्याची असते, काढल्याची असेलच असं नाही. पाठवताना मूळ माहितीही गळून पडते. तेव्हा दोन माणसांच्या आठवणी ताडून बघाव्या लागतील, आणि त्या आठवणी आज ताज्या आहेत. गेमची आवृत्ती आणि फोनचं मॉडेल जरूर लिहून घ्यावं. आणि त्याच माणसाला विचारावं, की फोनात जपून ठेवलेला दुसऱ्या कुणाचा एखादा व्हिडिओ आहे का. गंमत म्हणजे लोक स्वतःच्या क्लिपच्या आधी तोच दाखवतात. कुणाकडं गावच्या वगातला सोंगाड्या असतो, कुणाकडं मालेगावकडचा खानदेशी विनोद, कुणाकडं पुरात पोहत आलेली म्हैस. जिओच्या आधी हे सगळं ब्लूटूथनं आणि मेमरी कार्डांवरून फिरायचं, आणि त्या काळातल्या थ्रीजीपी फाइली अजून काही कार्डांत शाबूत आहेत. त्याही घ्या.

माझ्या बाजूनं मी एवढं करू शकतो. दुकानातलं एक टेबल या कामाला देतो. या संग्रहासाठी म्हणून कुणी मेलेला फोन आणला तर त्याची मजुरी घेणार नाही, सुट्या भागांचे पैसे तेवढे पडतील. डेटा निघाला की मालकाची प्रत मालकाला, संमती असेल तर एक प्रत आपल्याला. प्रत्येक तालुक्याच्या गावात माझ्यासारखे दुरुस्तीवाले आहेत, आणि लोक आमच्याकडं फोन विश्वासानं उघडा करून देतात. सरकारी कचेरीत कुणी घरचे व्हिडिओ घेऊन जाणार नाही, आमच्याकडं येतील. आम्हाला आपल्याकडून हवंय ते असं: एका पानाचं संमतीपत्र, सोप्या मराठीत, फाइली कोणत्या स्वरूपात आणि कशा नावांनी द्यायच्या याच्या सूचना, आणि जमा केलेल्याची पोच, ज्यावर संस्थेचा शिक्का असेल.

आमचे गलाईवाले दिवाळीला गावी येतात. घरं झाडली जातात, जुने फोन कपाटांतून बाहेर निघतात, आणि भंगारवाला ते किलोवर घेऊन जातो. संमतीपत्राचा नमुना त्याच्या महिनाभर आधी हातात पडला तर पहिली खेप याच दिवाळीत जमा करता येईल.

कळावे,

आपला,
मोबाईल दुरुस्तीवाला,
विटा, जि. सांगली